फिरत्या चित्रांची दोन घराणी

शारदीय दुर्गापूजेच्या दिवसांत कोलकात्याच्या रस्त्यांवरून जो कोणी हिंडला असेल, त्याने चंदननगरच्या कारागिरांची दिव्यांची चित्रे पाहिली असतीलच. मोर पिसारा फुलवतो, मिटवतो आणि पुन्हा फुलवतो. आगगाडी फलकाच्या टोकाला पोहोचते न पोहोचते तोच पुन्हा आरंभापासून निघते. याच जातीची चिमुकली चित्रे आज प्रत्येकाच्या मोबाइलवर नाचत असतात. दोन-चार सेकंदांची, मूक, आणि संपताक्षणीच पहिल्यापासून सुरू होणारी अशी ती असतात. ती साठवण्याची व धाडण्याची सांप्रत दोन घराणी आहेत. एक स्थिर चित्रांच्या माळेचे, ज्याचा प्रतिनिधी गिफ, दुसरे व्हिडिओचे. यांत श्रेष्ठ कोणते, हा प्रश्न वरवर केवळ यंत्रज्ञांचा वाटतो. परंतु इतिहासाच्या अंगाने पाहू गेल्यास त्यात आपल्या ठेव्याचाही प्रश्न गुंतलेला आहे, असे आम्हांस वाटते.

फिरते चित्र हे वयाने चित्रपटाहून वडील आहे. बेल्जममधील जोसेफ प्लातो या शास्त्रज्ञाने १८३२ साली एक चकती तयार केली. तीवर एकाच आकृतीच्या क्रमवार अवस्था रेखाटलेल्या असत. चकती आरशासमोर फिरवून फटींतून पाहिले की आकृती हालू लागे. चकतीच वाटोळी, तेव्हा त्या हालचालीला आदि नाही आणि अंतही नाही. आपल्याकडे कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ हा खेळ सुरू केला. मायावी शंबरासुरावरून त्याचे नामकरण झाले होते. काचांवर हातांनी रंगविलेल्या आकृती दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर पाडून त्या हालत्या भासविण्याची ही कला होती. पुढे चारच वर्षांनी, ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा पहिला खेळ झाला आणि रंगविलेल्या काचांची सद्दी ओसरू लागली.

तरीही चित्रपट म्हणजे अखेर स्थिर चित्रांची लांबलचक माळच होय. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ च्या सुमारास कुंडीतील वाटाण्याचे रोज थोडथोडे चित्रण करून ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट सिद्ध केला, तेव्हा हेच तत्त्व त्यांनी हाताशी धरले होते. दोन्ही घराण्यांचा मूळ पुरुष एकच आहे. भेद आहे तो माळ ओवण्याच्या रीतीत.

ती रीत डोळ्यांनी पाहावयाची तर चंदननगरास जावे. कोलकात्याच्या उत्तरेस हुगळीकाठी वसलेले हे गाव १९५० पर्यंत फ्रेंचांच्या ताब्यात होते. तेथील जगद्धात्री पूजेची रोषणाई प्रसिद्ध आहे आणि त्या कलेच्या प्रवर्तकांत श्रीधर दास यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. जुन्या पद्धतीत वीजमोटरीने फिरणारा एक लाकडी रूळ असे. रुळावर धातूच्या पट्ट्या ठोकलेल्या असत. पट्टी तारेला टेकली की त्या त्या ओळीचे ‘टुनी’ दिवे उजळत, आणि रुळाचा एक फेरा पुरा झाला की चित्राचेही एक आवर्तन पुरे होई. अवस्था मोजक्या, रंग मोजके; पण एखादी पट्टी निखळली तर कोणताही जाणता कारागीर ती पुन्हा बसवू शके. पुढे एलइडी दिवे आले, रुळाचे काम इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाकडे गेले, आणि आता तर व्हिडिओ दाखविणारे अखंड पडदेही उत्सवांतून उभे राहतात.

गिफ हे संगणकाच्या जगातील असेच रूळ होय. अमेरिकेतील कॉम्प्युसर्व्ह या कंपनीत स्टीव्ह विल्हाइट यांच्या पुढाकाराने १९८७ साली ते जन्मास आले. प्रत्येक चित्र किती वेळ दाखवावे हे नोंदविण्याची सोय १९८९ च्या आवृत्तीत झाली. आणि १९९५ च्या सुमारास नेटस्केपने माळ अखंड फिरती ठेवण्याची युक्ती तीत जोडली. तथापि एका चित्रात रंग फार तर २५६. शिवाय चित्रातील वस्तू बोटभर सरकली तरी ‘ती सरकली’ एवढेच सांगण्याची भाषा गिफला अवगत नाही. बदललेला भाग तिला नव्याने लिहावा लागतो. व्हिडिओचे घराणे येथेच सरस ठरते. ते एक चित्र पूर्ण देते आणि पुढच्या चित्रांविषयी कोणता तुकडा कोणीकडे किती सरकला एवढेच कळविते. २००३ साली सिद्ध झालेले एच.२६४ या रीतीने तेच दृश्य गिफच्या कितीतरी पट कमी जागेत बसविते, आणि रंगांचीही कसर करीत नाही.

म्हणूनच २०१४ मध्ये ट्विटरने आपल्याकडे आलेली गिफ चित्रे व्हिडिओत रूपांतरित करून दाखविण्यास आरंभ केला. आज आपण ‘गिफ’ म्हणून जे एकमेकांस धाडतो, ते बहुधा मूक व्हिडिओच असते. नाव जुन्या घराण्याचे, देह नव्याचा! वाहतुकीपुरता हा वाद मिटला आहे, हे निर्विवाद.

परंतु वाहतूक निराळी आणि जतन निराळे. कोलकात्याच्या हीरालाल सेन यांनी १८९८ च्या सुमारास रॉयल बायोस्कोप कंपनी स्थापन केली आणि नाट्यप्रवेशांपासून मिरवणुकींपर्यंत कितीएक दृश्ये फितीवर उतरविली. १९१७ साली लागलेल्या आगीत ती ज्वालाग्राही फीत भस्मसात झाली. पटवर्धनांच्या रंगविलेल्या काचा मात्र टिकल्या. जे साधन वाहून नेण्यास सुलभ, तेच टिकण्यासही समर्थ असेल असा नियम नाही.

व्हिडिओ लहान होतो तो तपशिलाचा त्याग करून. हातोहात पुढे धाडताना पुष्कळदा तो पुन्हा पुन्हा दाबला जातो आणि दर खेपेस आणखी झिजतो. दुसरी अडचण मालकीची. गिफमध्ये वापरलेल्या संक्षेपरीतीवर युनिसिस कंपनीचे पेटंट होते. १९९४ च्या अखेरीस त्यासाठी शुल्काची मागणी पुढे आली, तेव्हा तिला उत्तर म्हणून पीएनजी हे मुक्त चित्ररूप निर्माण करण्यात आले. ते पेटंट अमेरिकेत २००३ साली व अन्यत्र २००४ साली संपले. एच.२६४ हेही पेटंटांच्या कुंपणात वाढले. त्यावर उतारा म्हणून २०१८ मध्ये एव्ही१ हे स्वामित्वशुल्कमुक्त रूप पुढे आले. सरकारी दप्तरात दिवस काढणाऱ्या आमच्यासारख्या कारकुनांना या भानगडीचे मर्म चटकन उमगते. कागद लिहिला कोणी याहून तो पन्नास वर्षांनी वाचता येईल काय, हा प्रश्न दप्तरखान्यात वडील मानला जातो. भारत सरकारने २०१० साली ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण स्वीकारले, त्यामागेही हीच दृष्टी होती.

तात्पर्य, खरा झगडा जुने विरुद्ध नवे असा नसून मुक्त विरुद्ध बद्ध, आणि मूळ विरुद्ध झिजलेली प्रत असा आहे. धाडावयाचे ते खुशाल व्हिडिओने धाडावे. पण ज्याने चित्र रेखाटले, त्याने मूळ चित्रांची माळ न झिजणाऱ्या मुक्त रूपात निराळी ठेवावी. पीएनजीच्या २०२५ मधील आवृत्तीत फिरत्या चित्रांनाही अधिकृत स्थान मिळाले आहे, तेव्हा त्यासाठी २५६ रंगांचे बंधनही आता उरलेले नाही. व्हिडिओ टिपला असल्यास कॅमेऱ्यातून निघालेली पहिली प्रत जपावी. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या मंडळींच्या गणेशोत्सवांची, नाटकांची व हळदीकुंकवांची शेकडो चिमुकली दृश्ये आज केवळ मोबाइलवर या हातून त्या हाती जात आहेत. त्यांना आग लागण्याची भीती नाही. पण झिजून झिजून ओळख हरपणे हाही एक प्रकारचा अग्नीच आहे, आणि तो धूर न काढता जाळतो.