चार्टर शाळा : प्रवेश व निधी

अमेरिकेतील सरकारी पैशावर चालणारी, पण स्वतंत्र सनदेखाली कारभार करणारी शाळा. यासंबंधीचा पहिला कायदा मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये केला. पुढच्याच वर्षी सेंट पॉल येथे ‘सिटी अकॅडमी’ ही पहिली शाळा उघडली आणि कॅलिफोर्नियानेही असा कायदा केला. सनद ठरावीक मुदतीची असते. कामगिरी घसरली, तर ती काढून घेता येते.

या शाळेत शिक्षणशुल्क नसते. जागांपेक्षा अर्ज जास्त आले, की सोडत काढतात. कुठे संगणक नावे निवडतो, तर कुठे भरल्या सभागृहात पिंजऱ्यातून क्रमांकाचे चेंडू निघतात नि पालक चिठ्ठी मुठीत धरून बसतात. आपल्याकडील आरटीई सोडतीची आठवण यावी असेच हे दृश्य. आधीपासून शिकणाऱ्यांच्या भावंडांना बहुधा प्राधान्य मिळते. उरलेल्यांची प्रतीक्षायादी होते.

निधी विद्यार्थ्यामागे मिळतो आणि लहान शाळेची खरी ओढाताण इथेच होते. कॅलिफोर्नियात तो सरासरी दैनिक हजेरीवर ठरतो. पाच मुले शाळा सोडून गेली, तरी वर्गशिक्षकाचा पगार, वीजबिल आणि भाडे तेवढेच राहते. इमारतीसाठी जिल्हा शाळांप्रमाणे स्थानिक कर्जरोखे उभारण्याची सोय सहसा नसल्याने चर्चचे तळघर किंवा रिकामे दुकान भाड्याने घेतलेले दिसते. कॅलिफोर्नियात २००० च्या ‘प्रस्ताव ३९’ने जिल्ह्यांवर जागा देण्याचे बंधन घातले, त्यातून एकाच आवारात दोन शाळा आणि मैदानाच्या वेळेवरून तंटे, असेही घडले.