मेस्तक ते मॅन पेज

प्रोग्रामर आणि सिस्टिम ॲडमिन जपून ठेवतात त्या टिपणांचं, कोडच्या तयार तुकड्यांचं कुळ शोधायचं तर छत्रपती संभाजीनगरहून वेरूळच्या रस्त्याला लागावं. पंधराएक किलोमीटरवर देवगिरीचा किल्ला लागतो. इथल्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा श्रीकरणाधिप, म्हणजे दफ्तराचा प्रमुख, होता हेमाद्री. लोकांच्या तोंडचा हेमाडपंत. तेराव्या शतकातल्या या माणसाच्या खात्यावर परंपरेने बिनचुन्याची देवळं, बाजरी, मोडी लिपी असं बरंच काही जमा केलं आहे. ‘मेस्तक’ही त्याच्याच नावावर आहे. कागद कसा लिहावा, जमाखर्च कसा मांडावा, कोणाला कोणत्या मायन्याचं पत्र जावं, याची कारकुनासाठी केलेली ही वही.

मायन्यांचंच बघा. वडिलांना ‘तीर्थरूप’, मुलाला ‘चिरंजीव’, शास्त्रीबुवांना ‘वेदशास्त्रसंपन्न’, मानकऱ्याला ‘राजमान्य राजश्री’. मायना चुकला तर समोरच्याचा अपमान, म्हणजे कारकुनाची नोकरी धोक्यात. म्हणून दरवेळी नवा मायना रचायच्या भानगडीत कोणी पडत नसे. साचा उचलायचा, नाव भरायचं, पुढचा मजकूर लिहायचा. गुजरातेतल्या ‘लेखपद्धती’ या संस्कृत संग्रहात खरेदीखतं, गहाणखतं अशी नमुन्याला दिली आहेत आणि नावाच्या जागी चक्क ‘अमुक’ घातलं आहे.

आपल्या हाती आलेल्या मेस्तकाच्या नकला यादवांनंतरच्या आहेत. नाव थोरामोठ्याचं, हात मात्र पिढ्यान्‌पिढ्यांच्या कारकुनांचे. एखादा नियम चुकीचा निघाला तर जाब विचारायचा कोणाला, याचं उत्तर अशा वहीत नसतं.

देवगिरीहून केंब्रिजला सरळ वंशवेल जात नाही, तसा दावा कोणी करूही नये. पण कामाची गरज सारखीच होती. मे १९४९मध्ये केंब्रिज विद्यापीठाचा ‘एडसॅक’ संगणक चालू झाला. त्यावर काम करताना मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांना लवकरच उमगलं, की वर्गमूळ काढणं, आकडे छापणं ही कामं प्रत्येकजण पहिल्यापासून लिहीत बसला तर वेळ जातो आणि चुकाही प्रत्येकाच्या वेगळ्या होतात. त्यांनी तपासून घेतलेले तुकडे कागदी फितीवर छिद्रं पाडून कपाटात लावून ठेवले. ज्याला हवा त्याने तो आपल्या फितीवर उतरवून घ्यावा. १९५१मध्ये तिघांनी त्यावर पुस्तक लिहिलं, तोवर असे ८७ तुकडे वापरात आले होते.

जाब विचारायची सोय केली ती अमेरिकेतल्या बेल लॅब्जने. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांची युनिक्सची पहिली माहितीपुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ची. प्रत्येक आज्ञेला स्वतंत्र नोंद: नाव, वापरायची रीत, वर्णन. शिवाय ‘बग्ज’ आणि ‘ओनर’ असे दोन मथळे. पहिल्यात आज्ञेचे ठाऊक असलेले दोष, दुसऱ्यात ती कोणाची हे. आपल्याच कामातली खोट छापून खाली नाव घालायचं, हा प्रामाणिकपणा हेमाडपंती दफ्तराला परवडला नसता. आज लिनक्सवर ‘मॅन’ टंकून जे पान उघडतं ते याच घराण्यातलं. ‘ओनर’ मात्र त्यात राहिला नाही.

मालक सुटला की काय होतं, याचा नमुना म्हणजे जावातला एक छोटा तुकडा. बाइट्सची संख्या माणसाला वाचता येईल अशी किलोबाइट, मेगाबाइटमध्ये दाखवण्यासाठी आंद्रेआस लुंडब्लाड यांनी तो २०१०मध्ये ‘स्टॅक ओव्हरफ्लो’वर लिहिला. २०१८मधल्या एका अभ्यासात तोच त्या संकेतस्थळावरून सर्वाधिक नकललेला जावाचा तुकडा ठरला. हजारो प्रकल्पांत तो जाऊन बसला होता. पुढच्या वर्षी लुंडब्लाड यांनीच जाहीर केलं, की त्यात चूक आहे: ९,९९,९९९ बाइट्स दिल्या तर उत्तर ‘१.० मेगाबाइट’ यायला हवं, येतं ‘१०००.० किलोबाइट’. मूळ जागी दुरुस्ती झाली. पण ज्यांनी तुकडा आधीच उचलला होता, त्यांच्याकडे ती आपोआप कशी पोचणार?

संभाजीनगरच्या पोरांना हा प्रश्न ताजा आहे. २०२३मध्ये शहराचं नाव बदललं आणि २०२५मध्ये रेल्वे स्थानकाचंही. स्थानकाचा कोड ‘एडब्ल्यूबी’चा ‘सीपीएसएन’ झाला. जुना कोड कोणाकोणाच्या स्क्रिप्टमध्ये थेट लिहिलेला असेल, तिथे तो हातानेच शोधावा लागेल. जगभरच्या घड्याळांच्या वेळा सांभाळणाऱ्या ‘टीझेड’ या माहितीसंचाने वेगळी वाट धरली. त्यात भारताची नोंद ‘आशिया/कोलकाता’ झाली, पण ‘आशिया/कलकत्ता’ पुसली नाही. ‘बॅकवर्ड’ नावाच्या फायलीत एका ओळीने जुनं नाव नव्याला जोडून दिलं आहे, म्हणून कलकत्त्याच्या नावाने लिहिलेले प्रोग्राम अजूनही बरोबर वेळ दाखवतात.