काळ्या मातीतील मतदार

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अलाबामा राज्यात, माँटगोमेरी आणि सेल्मा या दोन शहरांच्या मध्ये, लाउंड्स नावाची एक काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्याच्या जातीचा, परंतु पुष्कळदा तालुक्याएवढाच, कारभाराचा विभाग होय. १९६५ सालच्या प्रारंभी या काउंटीच्या मतदारयादीत एक विलक्षण प्रकार दिसत होता. लोकवस्ती सुमारे १५ हजार; तीत दर पाच माणसांमागे चार कृष्णवर्णीय. असे असून यादीत एकाही कृष्णवर्णीयाचे नाव नव्हते. उलट गोऱ्या मतदारांची नावे प्रौढ गोऱ्यांच्या प्रत्यक्ष संख्येहूनही अधिक होती. दिवंगत आणि स्थलांतरित गोऱ्यांची नावे यादीत टिकून होती. तेथे राहणाऱ्या, राबणाऱ्या काळ्या माणसाला मात्र तीत प्रवेश नव्हता. ही स्थिती कशी आली आणि ती कशी पालटली, हे समजून घ्यावयाचे तर प्रथम तेथील जमिनीकडे पाहिले पाहिजे.

काउंटीचे क्षेत्रफळ सुमारे ७२५ चौरस मैल. उत्तर सीमेवरून अलाबामा नदी वळणे घेत वाहते. दक्षिणेस फोर्ट डिपॉझिट गावाच्या बाजूला पाइन वृक्षांचा उंचसखल मुलूख लागतो. उरलेला बराचसा प्रदेश मात्र ‘काळा पट्टा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भूभागात मोडतो. खाली खडूसारखा चुनखडक आणि वर चिवट, काळसर चिकणमाती, अशी या पट्ट्याची घडण आहे. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात. वऱ्हाड-खानदेशातील कापसाची जमीन ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वर्णन परके वाटणार नाही. कापसाला ही माती मानवते. परंतु पाणी ती सहजासहजी मुरू देत नाही. तिचा पहिला गुण काउंटीच्या भूतकाळात उतरला आणि दुसरा तिच्या वर्तमानात.

हा मुलूख मूळचा मस्कोगी लोकांचा. गोरे त्यांना क्रीक म्हणत. १८१३ च्या डिसेंबरात याच काउंटीच्या हद्दीत, नदीकाठच्या ‘होली ग्राउंड’ या ठिकाणी, त्यांची आणि अमेरिकन सैन्याची लढाई झाली. पुढल्याच वर्षीच्या तहाने मस्कोगींना दोन कोटी एकरांहून अधिक भूमी सोडून द्यावी लागली. तीवर कापसाचे मळेवाले आपले गुलाम घेऊन लोटले. १८३० साली शेजारच्या तीन काउंट्यांचे भाग तोडून ही नवी काउंटी बनविण्यात आली आणि साउथ कॅरोलायनाचे लोकप्रतिनिधी विल्यम लाउंड्स यांचे नाव तिला देण्यात आले. हेनव्हिल हे तिचे मुख्य ठाणे. १८६० च्या जनगणनेत काउंटीत २७ हजारांहून अधिक माणसे मोजली गेली. त्यांतील १९ हजारांवर माणसे गुलाम होती.

१८६५ साली गुलामगिरी संपली. जमिनीची मालकी मात्र होती त्याच हाती राहिली. मुक्त झालेला गुलाम त्याच मळ्यावर बटाईने राबू लागला. बियाणे, खत, धान्य सारे मालकाच्या दुकानातून उधार घ्यावयाचे आणि सुगीच्या शेवटी मालकानेच हिशेब मांडावयाचा, अशी ती पद्धत होती. युद्धानंतर काही वर्षे कृष्णवर्णीय पुरुषांनी मतदान केले, परंतु अलाबामाच्या १९०१ च्या राज्यघटनेने मतदानकर, साक्षरतेची परीक्षा आणि मालमत्तेची अट घालून तेही दार लावून टाकले. १९३५ साली कापूसवेचणीच्या मजुरांनी वाढीव मजुरीसाठी संप केला, तेव्हा तो रक्तपाताने मोडण्यात आला. ‘रक्तरंजित लाउंड्स’ हे या काउंटीचे टोपणनाव उगीच पडलेले नव्हते. बोंडे पोखरणारा किडा, शेतीत आलेली यंत्रे आणि हा जाच, यांमुळे लोक उत्तरेकडील औद्योगिक शहरांकडे निघून गेले. १९०० साली ३५ हजारांवर असलेली वस्ती १९६० पर्यंत निम्म्याहून कमी झाली.

आता या काउंटीच्या कारभाराचे स्वरूप पाहू. अमेरिकन खेड्यातील माणसाला सरकार भेटते ते वॉशिंग्टनच्या रूपाने नव्हे, तर काउंटीच्या कचेरीच्या रूपाने. शेरीफ हा पोलीस आणि तुरुंग यांचा प्रमुख. कर-आकारणी अधिकारी प्रत्येकाच्या जमिनीचे मूल्य ठरवितो, दुसरा अधिकारी कर वसूल करतो. कॉरोनर संशयास्पद मृत्यूची चौकशी करतो. शिक्षणमंडळ शाळा चालविते आणि शिक्षक नेमते. हे सर्व मतदारांनी निवडून द्यावयाचे. अर्थात ज्याला मत नाही त्याच्या दृष्टीने शेरीफ हा रक्षक न उरता मालकाचा पहारेकरी होतो. ज्यूरीवरही त्या काळी केवळ गोरे पुरुष बसत. मतदार म्हणून नाव नोंदवून घेणारे अधिकारी राज्यसरकारने नेमलेले असत आणि महिन्यातून दोनच सोमवारी त्यांची बैठक होई. नाव नोंदविण्यास गेलेल्या माणसाची बातमी संध्याकाळच्या आत मळ्याच्या मालकाला कळे.

१९६५ च्या मार्चमध्ये ही कोंडी फुटू लागली. त्या महिन्यात प्रथमच काही कृष्णवर्णीय नागरिक एकत्र जमून नोंदणीसाठी हेनव्हिलच्या कचेरीत गेले. बर्मिंगहॅमच्या कारखान्यात काही वर्षे काढून गावी परतलेले जॉन ह्यूलेट हे त्यांचे पुढारी. ते स्वतः आणि आणखी एक गृहस्थ अशा दोघांची नावे अखेर नोंदली गेली. त्याच महिन्याच्या २१ ते २५ तारखांना डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नेतृत्वाखाली सेल्मा ते माँटगोमेरी ही ५४ मैलांची पदयात्रा निघाली. तिचा मोठा भाग लाउंड्समधून जात होता. यात्रा संपली त्याच रात्री डेट्रॉइटहून आलेल्या, पाच मुलांची आई असलेल्या व्हायोला लिउझो यांचा याच काउंटीच्या हमरस्त्यावर क्लू क्लक्स क्लॅनच्या माणसांनी गोळ्या घालून खून केला. ऑगस्टच्या २० तारखेस हेनव्हिलमध्ये जोनाथन डॅनियल्स हा धर्मशास्त्राचा विद्यार्थी, रुबी सेल्स या १७ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीला वाचविताना, बंदुकीच्या गोळीला बळी पडला. त्याच्यासमवेत असलेले शिकागोचे कॅथलिक धर्मगुरू फादर रिचर्ड मॉरिसरो गंभीर जखमी झाले. गोळी झाडणाऱ्यास केवळ गोऱ्यांच्या ज्यूरीने निर्दोष ठरविले. १९६६ च्या फेब्रुवारीत संघराज्याच्या न्यायालयाने कृष्णवर्णीयांना आणि स्त्रियांना ज्यूरीतून वगळण्याची लाउंड्समधील ही रीत घटनाबाह्य ठरविली.

दरम्यान ६ ऑगस्ट १९६५ रोजी मतदानहक्काचा कायदा संमत झाला. साक्षरतेची परीक्षा गेली आणि संघराज्याचे नोंदणी-अधिकारी काउंटीत येऊन बसले. नावे नोंदविली जाऊ लागताच मालकांनी कुळांना घराबाहेर काढावयास सुरुवात केली. डिसेंबरात बेदखल झालेल्या कुटुंबांसाठी हमरस्त्यालगतच्या थोड्याशा जमिनीवर तंबू उभारण्यात आले. रात्री त्या तंबूंच्या रोखाने गोळ्या झाडल्या जात. तरीही काही कुटुंबांनी तेथे दोन वर्षे काढली. नाव मागे घेतले असते तर कदाचित घर परत मिळाले असते.

परंतु मत मिळाले म्हणजे कारभार हाती आला, असे होत नाही. मत कोणाला द्यावयाचे? अलाबामातील सत्ताधारी डेमॉक्रॅटिक पक्षाचे निवडणूक चिन्ह पांढरा कोंबडा हे होते आणि त्याबरोबर अनेक वर्षे गौरवर्णीयांच्या श्रेष्ठत्वाची घोषणा छापली जाई. पक्षाच्या उमेदवारीसाठी भरावयाचे शुल्कही याच सुमारास ५० डॉलरांवरून ५०० डॉलरांवर नेण्यात आले. विद्यार्थ्यांच्या अहिंसक समन्वय समितीचे स्टोकली कार्मायकेल आणि त्यांचे सहकारी काउंटीत मुक्काम ठोकून होते. राज्याच्या कायद्यानुसार एकेका काउंटीपुरताही पक्ष स्थापन करता येतो, हे त्यांनी शोधून काढले. त्यातून ‘लाउंड्स काउंटी स्वातंत्र्य संघटना’ जन्मास आली. निरक्षर मतदाराला ओळखता यावे म्हणून तिने झेप घेणाऱ्या काळ्या चित्त्याचे चिन्ह घेतले. चिन्हाचे महत्त्व भारतातील मतदाराला निराळे सांगावयास नकोच.

या संघटनेने केलेली सर्वांत मोलाची गोष्ट मात्र चिन्हाहून साधी होती. तिच्या कार्यकर्त्यांनी लहान लहान सचित्र पुस्तिका काढल्या. शेरीफ काय करतो, कर-आकारणी अधिकाऱ्याचे काम कोणते, शिक्षणमंडळाच्या सभासदाने काय केले पाहिजे, हे तींत चित्रांच्या साहाय्याने समजावून दिलेले असे. आजवर ज्या कचेऱ्यांकडे माणसे केवळ भीतीने पाहत आली होती, त्या आपल्याही होऊ शकतात, ही कल्पना त्या पानांनी घरोघर नेली. ३ मे १९६६ रोजी हेनव्हिलच्या एका चर्चच्या आवारात संघटनेची उमेदवार निवडण्याची सभा भरली आणि सुमारे ९०० लोकांनी आपले मत नोंदविले. त्यांतील बहुतेकांच्या आयुष्यातील ते पहिलेच मत होते.

नोव्हेंबरातील निवडणुकीत संघटनेचे सातही उमेदवार पराभूत झाले. मळेवाल्यांनी आपल्या मजुरांना गाड्यांतून आणून मतदान करविले, काही ठिकाणी मारहाणही झाली. तथापि पक्ष म्हणून मान्यता मिळण्यासाठी २० टक्के मतांची जी अट होती, ती या नव्या पक्षाने सहज ओलांडली. पुढे १९७० साली जॉन ह्यूलेट काउंटीचे शेरीफ म्हणून निवडून आले आणि दोन दशकांहून अधिक काळ ते त्या पदावर राहिले. पाच वर्षांपूर्वी ज्याचे नाव यादीत नव्हते, त्याच्याच हाती तुरुंगाच्या किल्ल्या आल्या.

तो चित्ता मात्र काउंटीच्या सीमेत राहिला नाही. १९६६ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी जो पक्ष स्थापला त्याने हेच चिन्ह आणि नाव घेतले. तोच ‘ब्लॅक पँथर’ पक्ष. त्याच्या नावावरून १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आदी तरुणांनी ‘दलित पँथर’ स्थापन केली. अलाबामाच्या एका मागासलेल्या खेडवळ काउंटीत निरक्षर मतदारांसाठी रेखाटलेले चित्र सहा वर्षांत नावाच्या रूपाने मराठी मुलखात पोहोचले, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

येथे कथा सुखान्त झाली असे म्हणता आले असते. पण मातीचा दुसरा गुण शिल्लक होता. २०२० च्या जनगणनेत काउंटीची लोकसंख्या १०,३११ भरली. शहरांपासून दूर, विखुरलेल्या घरांना भुयारी गटारे नाहीत. आणि सांडपाण्याच्या साध्या टाक्या या चिकणमातीत काम देत नाहीत. पाणी मुरत नाही. ते अंगणात साचते, कधी घरात उलटते. या जमिनीला चालेल अशी विशेष यंत्रणा बसविण्याचा खर्च गरीब कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचा. लाउंड्समध्येच वाढलेल्या कॅथरीन कोलमन फ्लॉवर्स यांनी हा प्रश्न सातत्याने देशापुढे मांडला. संघराज्याच्या सरकारने २०२१ साली चौकशी आरंभिली आणि मे २०२३ मध्ये राज्याच्या आरोग्यखात्याशी करार केला. परंतु सरकार बदलल्यावर एप्रिल २०२५ मध्ये तो करार रद्द करण्यात आला.

काउंटीचे मंडळ लोकांनी निवडलेले आहे, शेरीफही लोकांचाच आहे. मग अंगणातले पाणी का हटत नाही? त्याचे कारण कारभाराच्या रचनेत सापडते. अलाबामात काउंटीला स्वतःच्या बळावर कायदा करण्याचे किंवा कर वाढविण्याचे अधिकार अत्यंत तुटपुंजे आहेत. त्यासाठी राज्याच्या विधिमंडळाकडे पाहावे लागते. १९०१ साली ज्या घटनेने काळ्या माणसाचे मत काढून घेतले, तिनेच काउंटीचे हातही बांधले. मताचा अडसर १९६५ साली निघाला. तिजोरीचा अडसर त्याबरोबर निघाला नाही.

तंबूंची ती जागा जेथे होती तेथे आज राष्ट्रीय उद्यानखात्याचे स्मृतिकेंद्र उभे आहे. सेल्माहून माँटगोमेरीकडे जाणारा प्रवासी क्षणभर तेथे थांबतो, छायाचित्रे पाहतो आणि पुढे जातो. रस्त्यापासून आत वळून थोडे अंतर गेले तर त्याला अंगणात साचलेले पाणीही दिसू शकेल. ते तंबू मतासाठी होते. हे पाणी त्या मतापुढे अद्याप उरलेल्या कामाची खूण आहे. त्या सचित्र पुस्तिकांनी कारभार कशाला म्हणतात हे या लोकांना शिकविले. तो कारभार चालविण्यास लागणारे साधन मिळविण्याचा धडा मात्र लाउंड्सला अजून गिरवावयाचा आहे.