चिलीम, गोळी आणि कायदा

सोलापुरात गांजा म्हटलं की लोक फकिराच्या तकियाकडे बोट दाखवतात. इतिहास एवढा सोपा नाही. १८९३-९४च्या इंग्रजी चौकशी आयोगाने सरसकट बंदी नाकारून कर आणि परवाने सुचवले. १९८५च्या केंद्रीय कायद्याने मात्र देशभर कडक शिक्षा आणली. एडीएचडीवरचं मिथाइलफेनिडेट त्याच कायद्याच्या यादीत आहे; ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं.

माझ्या नात्यातला एक यंत्रमाग कामगार दोन्ही घेतो. दोन्हींनी हृदयाचे ठोके वाढतात. गांजाने लक्ष आणि स्मरणही मंदावतं. तरी तो डॉक्टरांपासून लपवतो: पोलिसांची धास्ती, वर जमातीत बदनामी. हराम-हलालचा निकाल मौलाना देतील. पण डोस ठरवणाऱ्याला तरी खरं सांगता यावं, एवढी मोकळीक घरानेच द्यायला हवी.