चिल्लर हरवलेल्या शहराचं कार्ड

सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी कधी हुज्जत घातली नाही, असा मुंबईकर शोधून सापडायचा नाही. १९९७ साली हाँगकाँगमध्येही चिल्लरीची अशीच टंचाई झाली होती; कारण मात्र मोठं मजेशीर होतं. १ जुलैला ब्रिटिशांचा दीडशे वर्षांचा अंमल संपून ते शहर चीनकडे गेलं. राणीचा चेहरा असलेल्या जुन्या नाण्यांना पुढे भाव येईल, असं लोकांच्या मनाने घेतलं आणि ती नाणी घरोघर जपून ठेवली जाऊ लागली. व्यवहारात सुट्टे मिळेनासे झाले.

नेमक्या त्याच वेळी, १ सप्टेंबर १९९७ रोजी, ‘ऑक्टोपस’ नावाचं प्लॅस्टिकचं कार्ड तिथे सुरू झालं. पहिल्या तीन महिन्यांत तीस लाख कार्डं लोकांच्या हाती गेली. या यशाचं सगळं श्रेय तंत्रज्ञानाला दिलं जातं. मला ते अर्धंच खरं वाटतं. तिथल्या दोन रेल्वे कंपन्यांचं चुंबकीय पट्टीचं सामायिक तिकीट १९८४ पासून चालू होतं. ते वापरणाऱ्यांना बजावण्यात आलं, की तीन महिन्यांत बदलून नवं कार्ड घ्या, नाहीतर जुनं बाद! म्हणजे कौतुकाइतकाच यात नाइलाजही होता.

खरं अवघड काम त्याआधीच झालं होतं. रेल्वे, बस आणि बोटी चालवणाऱ्या पाच संस्था एरवी एकमेकांच्या प्रवाशांवर डोळा ठेवून असायच्या. १९९४ मध्ये त्यांनी एकत्र येऊन एक कंपनी काढली. कार्ड एकच, हिशेब एकाच ठिकाणी, आणि ज्याचा त्याचा वाटा ज्याला त्याला. नाव ठरवायला स्पर्धा घेतली. चिनी नाव निघालं ‘बात दात तुंग’, म्हणजे थोडक्यात आठही दिशांना पोचवणारं. आठ म्हटल्यावर इंग्रजीत आठ हातांचा ऑक्टोपस आला.

कार्डाच्या पोटात जपानच्या सोनी कंपनीची ‘फेलिका’ चिप आहे. गंमत अशी, की या चिपच्या संशोधनाची सुरुवात पार्सलं वेगळी करण्याच्या खटपटीतून झाली. कार्डात बॅटरी नसते. आत तारेचं एक वेटोळं असतं. यंत्राजवळ कार्ड नेलं की यंत्राच्या रेडिओलहरींतूनच त्याला वीज मिळते आणि सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात व्यवहार उरकतो. पाकिटातून कार्ड बाहेर काढावंही लागत नाही. यंत्राच्या आवाजावरून या क्रियेला तिथे चक्क ‘डूट’ करणं म्हणतात.

याहून हुशारीची गोष्ट दुसरीच आहे. शिल्लक रक्कम कार्डातच लिहिलेली असते, त्यामुळे धावत्या बसला दर वेळी बँकेला विचारावं लागत नाही. १९९७ साली ते शक्यही नव्हतं. शिल्लक कमी पडली तरी एकदा पस्तीस डॉलरपर्यंत उधारी चालायची. कंपनीचं काय बुडणार? पन्नास डॉलरची अनामत तिच्याकडे होतीच!

मग हे तिकीट हळूहळू पैसा झालं. २००० साली तिथल्या वित्तीय प्राधिकरणाने कंपनीला ठेवी स्वीकारण्याचा परवाना दिला, आणि दुकानं, खाद्यगृहं, वाहनतळ असं सगळीकडे कार्ड चालू लागलं. शाळेत मुलांची हजेरीही त्यावर लागू लागली. लंडनचं ‘ऑयस्टर’ कार्ड आलं ते २००३ मध्ये. मुंबईत पहिली मेट्रो सुरू होऊन तिच्या फाटकांवर असं कार्ड टेकवायला २०१४ साल उजाडलं.

पण नाणं कुणाच्या खिशातून कुठे गेलं, हे नाण्याला आठवत नाही. कार्डाला आठवतं. साधं ऑक्टोपस बिननावाचं असतं, पण बक्षीस योजनेसाठी लाखो लोकांनी आपली नावं आणि फोन क्रमांक भरून दिले होते. २०१० मध्ये उघड झालं, की जवळपास वीस लाख ग्राहकांची माहिती विमा कंपनीसारख्या भागीदारांना देऊन कंपनीने साडेचार वर्षांत चार कोटी चाळीस लाख हाँगकाँग डॉलर मिळवले. आधी कंपनीने कानावर हात ठेवले, मग कबुली दिली, आणि मुख्याधिकाऱ्यांना पद सोडावं लागलं. सवलतीच्या चार पैशांसाठी आपण काय देऊन बसलो, हे लोकांना तेव्हा कळलं. तरी कार्ड कुणी टाकून दिलं नाही. टाकून जाणार कुठे?

जून २०१९ मध्ये तिथे प्रत्यार्पण विधेयकाविरुद्ध मोठी निदर्शनं झाली. निदर्शनांहून घरी परतणारी तरुण मुलं स्थानकांतल्या तिकीटयंत्रांपुढे लांबच लांब रांगा लावून उभी होती. कार्डाच्या नोंदीवरून पोलिसांना आपला माग लागेल, ही त्यांना धास्ती होती. खिशात ऑक्टोपस असूनही ती रोख पैसे मोजून एका फेरीचं तिकीट काढत होती.