नगरपालिकेपासून नियंत्रण कक्षापर्यंत

बेळगावची नगरपालिका १८५१ सालची. इतिहासाच्या तासाला ही सनावळी मी वर्षानुवर्षे सांगत आलो. तिच्या जोडीला लॉर्ड रिपनचा १८८२ चा स्थानिक स्वराज्याचा ठराव. कारभार सुधारावा एवढ्यासाठीच तो लोकांच्या हाती द्यायचा नाही, तर लोकांचे राजकीय शिक्षण व्हावे म्हणून द्यायचा, असे रिपनचे म्हणणे होते.

हा धडा आठवायचे कारण ‘स्मार्ट सिटी’. केंद्राची ही योजना जून २०१५ मध्ये सुरू झाली. जानेवारी २०१६ च्या पहिल्या वीस शहरांत पुणे, सोलापूर, इंदूर यांच्याबरोबर बेळगावचेही नाव झळकले. केंद्राकडून पाच वर्षांत पाचशे कोटी आणि तेवढाच वाटा राज्य व पालिकेचा. मात्र कामे करायची ती कंपनी कायद्याखाली काढलेल्या स्वतंत्र कंपनीने. तिच्यात राज्य आणि पालिका निम्मे-निम्मे भागीदार, कारभार संचालक मंडळाकडे.

योजनेतील शंभरही शहरांत नियंत्रण कक्ष उभे राहिले. रस्त्यावरचे कॅमेरे, सिग्नल, कचऱ्याच्या गाड्या यांची खबर एका भिंतीवरच्या पडद्यांवर यावी, ही कल्पना. २०२० च्या कोविड साथीत अनेक शहरांना या कक्षांचा उपयोग झाला, हे मान्य केलेच पाहिजे.

पण त्याच काळातली आपली सनावळी पाहा. बेळगाव महापालिकेची मुदत २०१९ मध्ये संपली. निवडणूक झाली सप्टेंबर २०२१ मध्ये आणि महापौर मिळाला फेब्रुवारी २०२३ मध्ये. हे तंत्रज्ञानामुळे घडले असे मी म्हणत नाही. परंतु रस्ते उकरले जात होते, तेव्हा जाब विचारायला शहराला महापौर नव्हता, हेही खरे.

शेजारच्या आजी अधूनमधून मोबाइल घेऊन येतात. “सर, ह्यात काय लिवलंय बघा की!” मजकूर कन्नड किंवा इंग्रजी. मला कन्नड येते, मी वाचून दाखवतो. पूर्वी त्या नगरसेवकाच्या दारात जाऊन मराठीतच चार शब्द सुनावून यायच्या. पडद्याला काय सुनावणार?

योजनेची मुदत ३१ मार्च २०२५ रोजी संपली. खांब आणि कॅमेरे राहिले. त्यांची देखभाल आता शहरांनाच निभवायची आहे.

हल्ली रिपनचा धडा संपला की मी मुलांना विचारतो, “तुमच्या वॉर्डाचा नगरसेवक कोण?” निम्म्या मुलांना सांगता येत नाही. घरी विचारून या, म्हणतो. वाचकहो, तुमच्याही घरी हा प्रश्न येईल, तेव्हा उत्तर तयार ठेवा.