मजुराचा पास आणि मदत करणाऱ्याचा मुक्काम : मॉरिशसच्या कागदपत्रांतून

हुडकेश्वर रोडला रूम करून राहणाऱ्यांना हे माहीतच असेल. घरमालक चावी द्यायच्या आधी आधारची झेरॉक्स, फोटो आणि पोलीस व्हेरिफिकेशनचा फॉर्म मागतो. आपण फार विचार न करता देऊन टाकतो. कारण तो फॉर्म हरवला तरी आपल्याला कोणी रस्त्यावरून उचलून नेणार नाही. आता असा कागद डोळ्यांसमोर आणा, जो खिशात नसेल तर तुम्ही गुन्हेगार ठरता. आणि जो परत मिळवायला ज्या ऑफिसात जायचं, त्या ऑफिसच्या वाटेवरही तुम्हाला पकडता येतं.

असा कागद खरोखर होता. १८६७ नंतर मॉरिशसमधल्या हिंदुस्थानी मजुरांना तो जवळ बाळगावा लागायचा, आणि त्यांत आपले मराठी लोकही होते. परदेशी कामगारांना राहण्याच्या परवान्यासाठी मिळणारी कायदेशीर मदत म्हटलं की आपल्याला दुबई-कतार आठवतं. पण हा प्रश्न किती जुना आहे आणि अभ्यासायचा कसा, हे मॉरिशसकडे पाहिलं की जास्त नीट कळतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. मॉरिशसमध्ये १८३५ साली गुलामगिरी संपली आणि उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती. नोव्हेंबर १८३४ मध्येच ‘अ‍ॅटलस’ जहाजातून ३६ मजूर कलकत्त्याहून तिथे पोचले होते. पुढे गैरप्रकारांचा बोभाटा झाल्यावर ही भरती काही वर्षं थांबली. १८४२ च्या कायद्याने ती पुन्हा सुरू झाली, ती कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरी, सातारा, सावंतवाडीकडची माणसं होती. त्यांचे वंशज आजही तिथे स्वतःला मराठी म्हणवतात.

करार पाच वर्षांचा. तो पुरा केलेल्याला ‘जुना इमिग्रंट’ म्हणत. कागदावर हा माणूस मोकळा. पण मळेवाल्यांना तो स्वस्तात पुन्हा करारावर हवा होता. म्हणून १८६७ च्या कायद्याने त्याच्यावर दोन कागद लादले. एक फोटो लावलेलं तिकीट, आणि दुसरा पोलिसांचा पास, ज्यावर तो कुठे राहतो आणि काय काम करतो ते लिहिलेलं. यातलं काही कमी पडलं की तो ‘भटक्या’ ठरून आत जायचा. तिकीट हरवलं तर राजधानी पोर्ट लुईला जाऊन, पैसे भरून दुसरं काढायचं. जीव मेटाकुटीला आला की माणूस परत करारावर अंगठा देई. कायद्याचा हेतू साधला जाई.

मग मदत कोणी केली? सरकारने नेमलेला ‘प्रोटेक्टर ऑफ इमिग्रंट्स’, म्हणजे मजुरांचा संरक्षक, होताच. पण हाच माणूस तिकिटंही देत होता. ज्याच्या हातात परवाना, त्याच्याच दारात परवान्याबद्दलची तक्रार घेऊन जायचं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

खरी मदत आली ती एका युरोपियन माणसाकडून. आदोल्फ द प्लेविट्झ हा नुव्हेल डेकूव्हर्त नावाच्या मळ्याचा व्यवस्थापक. त्याने मजुरांचा अर्ज तयार केला आणि जून १८७१ मध्ये गव्हर्नर आर्थर गॉर्डन यांच्याकडे दिला. अर्जावर ९,४०१ जुन्या इमिग्रंटांची नावं होती. मळेवाले खवळले. एकाने त्याला पोर्ट लुईत भर रस्त्यात मारलं. बाकीच्यांनी मागणी केली की या परक्या माणसाला बेटावरून हाकलून द्या. गॉर्डन यांनी ती मानली नाही. १८७२ मध्ये राजाज्ञेने चौकशी आयोग बसला. त्याच्या दोन सदस्यांपैकी विल्यम फ्रिअर हे मुंबई इलाख्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले. आयोगाचा जाडजूड अहवाल १८७५ मध्ये आला आणि त्याने मजुरांच्या तक्रारी बऱ्याच अंशी खऱ्या ठरवल्या. १८७८ मध्ये मजूर कायदा बदलला. जाच कमी झाला, संपला नाही. एक दिवस गैरहजर राहिलं तर दोन दिवसांची मजुरी कापायची, हा ‘डबल कट’ तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चालूच राहिला.

दुसरा माणूस वकील होता. मणिलाल डॉक्टर, मूळचे बडोद्याचे, लंडनला बॅरिस्टर झालेले. गांधीजी १९०१ मध्ये परतीच्या प्रवासात मॉरिशसला थांबले होते. त्यांच्याच सांगण्यावरून मणिलाल १९०७ मध्ये तिथे गेले. कोर्टात मजुरांच्या बाजूने उभे राहिले, १९०९ मध्ये ‘हिंदुस्थानी’ नावाचं पत्र काढलं, त्याच वर्षीच्या चौकशी आयोगापुढे साक्ष दिली. १९१२ मध्ये ते फिजीला गेले. १९२० मध्ये तिथे मजुरांचा मोठा संप झाला, आणि सरकारने त्यांना फिजीच्या मुख्य बेटावर राहायला बंदी घातली. त्यांना देश सोडावा लागला.

इथे थांबून बघा. मजुरांच्या राहण्याच्या हक्कासाठी भांडणारे हे दोघंही त्या ठिकाणी बाहेरचेच होते. त्यामुळे विरोधकांनी पहिला हात घातला तो त्यांच्याच राहण्यावर. एकाचा मुक्काम गव्हर्नरमुळे वाचला, दुसऱ्याचा गेला. परक्या कामगाराला कायदेशीर मदत मिळते की नाही, हे फक्त कायद्यात काय लिहिलंय यावर ठरत नाही. मदत करणारा तिथे टिकू शकतो का, यावरही ठरतं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा धागा हाच.

म्हणूनच गोपाळ कृष्ण गोखल्यांचं काम वेगळं दिसतं. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी कलकत्त्याला केंद्रीय कायदेमंडळात ठराव मांडला, की ही करारबद्ध मजुरीची पद्धतच बंद करा. ठराव २२ विरुद्ध ३३ मतांनी पडला. पण गोखले मजूर जिथून जात होते तिथून बोलत होते. त्यांना फिजीचा किंवा मॉरिशसचा गव्हर्नर हद्दपार करू शकत नव्हता. पाचच वर्षांत, १९१७ मध्ये, ही भरती थांबली. युद्धाचं कारण होतं, आणि देशभर तापलेलं लोकमतही होतं.

आता तुमच्या कामाचं. या विषयावर संशोधन करायचं ठरवलं तर तीन गोष्टी सांभाळा.

पहिली, नावं. जहाजांच्या नोंदवह्यांत मजुराचं नाव, बापाचं नाव, वय, जात, उंची, गाव असं सगळं मिळतं. पण लिहिणारा कारकून ऐकू आलं तसं लिहायचा. सुरुवातीच्या कागदांत ‘नागपूर’ आणि ‘धनगर’ दिसलं की आपण हरखतो. सांभाळून! ते बहुतेक वेळा छोटा नागपूर असतं, म्हणजे आजचा झारखंड. आणि ‘धनगर’ म्हणजे तिथले उरांवसारखे आदिवासी. ‘अ‍ॅटलस’वरचे ३६ जण तिथलेच होते. आपल्या नागपूरशी आणि मेंढपाळ धनगरांशी त्याचा संबंध नाही.

दुसरी, आवाज. ९,४०१ नावांचा अर्ज मजुरांचा, पण शब्द कोणाचे? अर्जाची भाषा द प्लेविट्झची आहे. मजुरांचं बोलणं आयोगापुढच्या साक्षींत सापडतं, तेही दुभाष्याकडून आलेलं. म्हणून अर्ज आणि साक्ष शेजारी ठेवून वाचा. जे दोन्हीकडे आहे आणि जे एकाच ठिकाणी आहे, त्या फरकातून प्रश्न तयार होतो.

तिसरी, कागदाचा हेतू. पास माणसाला अडवायला बनवला होता. आज तोच फोटो, तोच नंबर मॉरिशसमधल्या कुटुंबाला आपल्या पणजोबांचं गाव सांगतो. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये या नोंदी जपल्या आहेत. पण कागद आज उपयोगी पडतो म्हणून तो तेव्हा निरुपद्रवी होता असं लिहू नका. प्रत्येक कागदाला विचारा : तो कोणी मागितला, पैसे कोणी भरले, हरवला तर काय झालं?

जाता जाता एक. ‘प्रोटेक्टर’ हे पद इतिहासजमा झालेलं नाही. आपल्याकडे १९२२ चा आणि मग १९८३ चा स्थलांतर कायदा आला, आणि ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ हा अधिकारी आजही आहे. दहावी न झालेला माणूस आखातात कामाला निघाला की त्याला याच अधिकाऱ्याची मंजुरी लागते. परवानाही तोच देतो आणि संरक्षणही त्यानेच करायचं. १८७१ च्या अर्जातला पेच इथे सुटला आहे की फक्त दुसऱ्या टेबलावर सरकला आहे? यावर एक चांगला संशोधन प्रस्ताव होऊ शकतो. लिहायला घ्या.